ट्रिमर घेताना वॉट नको, कॉलेट बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की गोव्यात घरांची कामे निघतात. स्वयंपाकघरातली कपाटे, पावसात फुगून घासू लागलेली दारे, जुन्या घरांच्या खिडक्यांच्या चौकटी. या कामांचा शेवटचा हात म्हणजे सनमायकाची कड भिडवणे, पट्टीला गोलाई काढणे, बिजागरीचा गाळा पाडणे. हे सगळे आता रंधा-पटाशीपेक्षा ट्रिमरवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बिटाने (कापणाऱ्या पात्याने) लाकूड कोरणाऱ्या हातात मावणाऱ्या यंत्रावर, जास्त होते. सुताराच्या पिशवीत तो असतोच, आणि घरचे काम घरी करू पाहणारी मंडळीही तो विकत घेतात. पण दुकानात प्रश्न दोनच विचारले जातात: किती वॉटचा, आणि केवढ्याला? या दोन्ही उत्तरांवरून काम सफाईदार होईल की नाही हे कळत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी वॉटचे उरकून टाकू. मकिताचा ३७०९ हा ट्रिमर ५३० वॉटचा, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांचा. बॉशचा जीकेएफ ५५० हा ५५० वॉट आणि ३३,००० फेरे. मकिताचाच आरटी०७००सी ७१० वॉटचा, पण त्याचे फेरे १०,००० ते ३०,००० असे कमीजास्त करता येतात. पहिल्या दोघांतला २० वॉटचा फरक हाताला जाणवतही नाही. एक मिलिमीटर जाडीची सनमायका कापायला किंवा सागाच्या पट्टीला तीन मिलिमीटरची गोलाई द्यायला ५३० वॉट पुरून उरतात. त्यांत धाप लागत असेल तर बहुधा बिट बोथट आहे किंवा एका फेरीत फार खोल जायचा मोह झाला आहे. सहा मिलिमीटर खोलीची खाच हवी असेल तर ती एका दमात काढू नये. एका फेरीला तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जाड फळीतून मोठे मोल्डिंग काढायचे असेल तर ते मोठ्या राउटरचे, म्हणजे ट्रिमरच्याच जातीच्या थोरल्या यंत्राचे, काम आहे. तो १६०० वॉटच्या वरचा, म्हणजे सात अँपिअर ओढणारा. जुन्या घरांतल्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर तो चालवू नये. ५३०-५५० वॉटचा ट्रिमर अडीच अँपिअरही घेत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आता कॉलेट. बिटाचा दांडा ज्या चिरा पाडलेल्या नळीत धरला जातो ती नळी म्हणजे कॉलेट. आपल्याकडे ती दोन मापांत मिळते: ६ मिलिमीटर आणि पाव इंच. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. फरक एवढासाच, पण सगळी भानगड इथेच होते. पाव इंची दांडा सहाच्या कॉलेटमध्ये जातच नाही, त्यामुळे तिथे निदान चूक लगेच लक्षात येते. उलटा प्रकार घातक. सहाचा दांडा पाव इंची कॉलेटमध्ये अलगद जातो, नट आवळला की धरल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात कॉलेटची सगळी पृष्ठे दांड्याला टेकत नाहीत, फक्त तोंडाकडची कड चावते. यंत्र सुरू झाल्यावर बिट हळूहळू सरकतो. फिरक्या धारेचा बिट असेल तर तो लाकडात स्वतःला ओढून घेतो आणि तीन मिलिमीटरची खाच फळीच्या दुसऱ्या टोकाला पाच मिलिमीटरची होते. लाकूड खराब झाले तर बदलता येते, पण ३०,००० फेऱ्यांवर बिट सुटून उडाला तर तो कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही.

बिट सरकला होता की नाही हे नंतरही ओळखता येते. बिट काढून दांडा उजेडात धरा. त्यावर तपकिरी कडे किंवा गोलाकार ओरखडे दिसले तर पकड सुटली होती. असा दांडा एमरी पेपरने घासून पुन्हा वापरायचा नसतो, कारण घासल्याने तो आणखी बारीक होतो. कॉलेटच्या आतही तशीच खूण असेल तर कॉलेटही बदलावा. भाग छोटा आहे आणि यंत्राच्या मानाने स्वस्त.

बिट बसवताना दांडा आत टेकेपर्यंत घालावा आणि मग दोन मिलिमीटर बाहेर ओढून नट आवळावा. आवळताना कॉलेट दांड्याला किंचित आत ओढतो. दांडा तळाला टेकलेला असला तर तो ओढला जात नाही आणि पकड अर्धवट राहते. खोली कमी पडते म्हणून दांडा अर्धा बाहेर काढून काम रेटणे तर मुळीच नको. लांब दांड्याचा बिट आणावा. आणि बिट नसताना नट कधीही आवळून ठेवू नये, रिकामा कॉलेट चेपला जातो. यंत्र पिशवीत टाकताना बिट काढायचा आणि नट तसाच घट्ट करून ठेवायचा, ही सवय अनेक कारागिरांत आहे. ती मोडायला हवी.

दुकानात एवढे नक्की करून पाहावे. प्लग काढलेला असताना कॉलेटच्याच मापाच्या दांड्याचा नवा सरळ बिट बसवा, हाताने फिरवा आणि बाजूला एक कडक कागदाचा तुकडा अगदी टेकायच्या बेताने धरा. बिट एका बाजूने कागदाला लागतो आणि दुसऱ्या बाजूने सुटतो असे झाले तर स्पिंडल किंवा कॉलेट वाकडा आहे. मग यंत्र कितीही नावाजलेले असो, खाच रुंद येणार आणि कडेवर बारीक लाटा उठणार. मग बिट धरून आडवा हलवून पाहा; खटखट जाणवली तर बेअरिंग ढिले आहे. शेवटी यंत्र चालू करून बंद करा आणि थांबेपर्यंत कान देऊन ऐका. चांगले बेअरिंग गुळगुळीत आवाजात थांबते. खरखर आली तर ते यंत्र ठेवून द्यावे.

कॉलेटनंतर बेस. ट्रिमर उभा आणि डोक्याकडे जड, त्याचा पाय मात्र तळहाताएवढा. फळीच्या मधोमध खाच पाडताना काही वाटत नाही. सनमायकाची कड कापताना अर्धा बेस हवेत असतो, आणि मनगट जरा बाहेर कलले की बिटही कलतो. कड भिडवायच्या बिटाला टोकाशी बेअरिंग असते आणि ते खालच्या प्लायवर टेकून चालते. यंत्र कलले की बेअरिंग एका बाजूने सुटते आणि धार प्लायमध्ये घुसते. मग कडेला अर्धचंद्राकृती खड्डा पडतो. तो पुटीने भरला तरी एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) लावल्यावर बोटाला लागतोच.

म्हणून बेसबद्दल तीन गोष्टी तपासाव्यात. तळपट्टी सपाट आहे का. ती बिटाशी काटकोनात आहे का, गुण्या लावून बघावा. आणि तळपट्टीचे स्क्रू काढता येतात का. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची, कारण मग रुंद पट्टी घरीच करता येते. सहा मिलिमीटरचे अ‍ॅक्रिलिक घ्या, १५० बाय २५० मिलिमीटर. मूळची पट्टी काढून दुतर्फा टेपने त्याच्या एका टोकाकडे चिकटवा, तिच्या भोकांवरून खुणा घ्या, भोके पाडा आणि स्क्रूची डोकी बुडतील इतके काउंटरसिंक खालच्या बाजूने करा. बिटासाठी मूळ पट्टीच्या भोकाच्या मध्यावर २५ मिलिमीटरचे भोक. मूळचे स्क्रू आखूड पडतात, तेवढ्याच जाडीचे तीन-चार मिलिमीटर लांब आणावेत. मोकळ्या टोकाला छोटी मूठ बसवली की एक हात यंत्रावर, दुसरा फळीच्या आतल्या बाजूला मुठीवर दाब देऊन. कलण्याचा प्रश्नच राहत नाही. पट्टी जाड झाल्याने बिटाची पोच काही मिलिमीटर कमी होते, तेवढे धरून चालावे.

खोली लावायची सोय यंत्रागणिक वेगळी असते. काहींत नुसता बेस वरखाली सरकवून फुलपाखरी नट आवळायचा, काहींत दातेरी पट्टी आणि फिरकी, काहींत झटकन उघडणारा खटका. कुठलीही असली तरी कसोटी एकच. खोली लावा, घट्ट करा, अंगठ्याने मोटार जोरात दाबा, पुन्हा मोजा. माप हलले तर कंपनाने कामातही हलणार. सागाची लिपिंग (फळीच्या कडेला लावलेली लाकडी पट्टी) सनमायकाच्या पातळीला आणताना हे नडते. तिथे बिट सनमायकाला टेकवून चालत नाही, तो वर कागदाइतका तरलेला हवा. बेस सनमायकावरच टेकवून फक्त बिटाखाली या वर्तमानपत्राच्या पानाचा तुकडा ठेवा, त्यावर बिट टेकवा आणि खोली घट्ट करा. तुकडा काढला की नेमकी फट मिळते. उरलेली कागदभर लिपिंग पातळ स्क्रेपरने किंवा १८० नंबरच्या सँडपेपरने खाली येते. सनमायकावर ओरखडा उठत नाही.

फेरे कमीजास्त करणारा ट्रिमर घ्यावा का? नुसती सनमायका आणि छोट्या गोलाया असतील तर नको, त्या पूर्ण वेगातच सफाईदार होतात. पण वाळवी आणि ओलाव्याच्या भीतीने गोव्यात न्हाणीघराच्या दारांना, सिंकखालच्या कपाटांना पीव्हीसी आणि डब्ल्यूपीसीचे (लाकडाचा भुसा मिसळलेल्या प्लास्टिकचे) तक्ते सर्रास लागतात. हे प्लास्टिक ३०,००० फेऱ्यांवर कापले जात नाही, वितळते. वितळलेला लगदा बिटाच्या धारेत बसतो, धार झाकली जाते आणि कडेला गुठळ्या येतात. तिथे फेरे १२,००० ते १६,००० वर आणून हात जरा जलद चालवावा. अ‍ॅक्रिलिकलाही तेच. मोठ्या व्यासाच्या बिटालाही वेग कमी लागतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या बिटाची धार ३०,००० फेऱ्यांवर सेकंदाला ३९ मीटर धावते, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याहून मोठा बिट ट्रिमरला लावूच नये. बिटाच्या दांड्यावर कमाल फेरे छापलेले असतात, ते वाचावेत. छापलेलेच नसतील तर तो बिट घेऊ नये.

यंत्रावर हजारो खर्चून बिट मात्र बारा नगांच्या स्वस्त डबीतले, हे दृश्य नेहमीचे. सागात सिलिका असते, ती धार खाते. प्लायमधला डिंक आणि सनमायकातले रेझिन तर साध्या पोलादी बिटाला एका दिवसात बोथट करतात. कार्बाइडचेच बिट घ्यावेत, आणि सुरुवातीला पाच पुरे: बेअरिंगचा कड-भिडवणी बिट दोन (एक कायम नवा ठेवावा), सरळ सहा मिलिमीटर, तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई, आणि ४५ अंशांचा. बिटाला धार आहे की नाही हे भुसा सांगतो. बारीक कातळ्या पडत असतील तर ठीक. पिठासारखा भुसा पडून जळका वास येऊ लागला तर बिट बोथट आहे किंवा हात रेंगाळतो आहे. कोपऱ्यावर थांबल्यानेही सागावर काळा डाग पडतो, आणि तो वरवर घासून जात नाही.

कड-भिडवणी बिटाचे बेअरिंग कामापूर्वी बोटाने फिरवून बघावे. सनमायका चिकटवताना बाहेर आलेला डिंक कडेला तसाच ठेवला तर तो बेअरिंगला लागतो, बेअरिंग अडकते आणि दांड्याबरोबर ३०,००० फेऱ्यांनी कडेवर घासत जाते. कडेची सनमायका आधीच लागलेली असेल तर तिच्यावर भाजल्यासारखी रेघ उमटते. कड आधी पटाशीने साफ करावी, सनमायका बाहेर तीन ते पाच मिलिमीटरच ठेवावी. बिट थिनरने पुसावा, पण बेअरिंग थिनरात बुडवून ठेवू नये; आतले ग्रीस धुऊन जाते आणि पुढच्या कामात ते कोरडे फिरून फुटते.

हात कोणत्या दिशेने न्यायचा हे नवख्यांना कुणी सांगत नाही. फळीची बाहेरची कड आपल्याकडे असेल तर डावीकडून उजवीकडे. पूर्ण फळीभोवती घड्याळाच्या उलट. सिंकसाठी कापलेल्या खिडकीसारखी आतली कड असेल तर घड्याळाच्या दिशेने. उलटे गेले की बिट लाकूड कापण्याऐवजी त्यावर चढतो आणि यंत्र हातातून पळते. भरीव लाकडाच्या चारही कडांना गोलाई काढायची असेल तर आधी आडव्या धाग्याची टोके घ्यावीत, मग लांब बाजू. टोकाशी उडालेला ढलपा लांब बाजूच्या फेरीत निघून जातो.

बिजागरीच्या गाळ्यासाठी ट्रिमरसारखे दुसरे यंत्र नाही, फक्त टेम्प्लेटचा (गाळ्यासाठी खाच कापलेल्या साच्याचा) हिशेब बरोबर हवा. बुशचा (बेसखाली बिटाभोवती बसणाऱ्या, टेम्प्लेटच्या कडेला टेकून चालणाऱ्या कड्याचा) बाहेरचा व्यास १० मिलिमीटर आणि बिट ६ चा असेल तर दोघांतला फरक ४, त्याचा निम्मा २. म्हणजे टेम्प्लेटची खाच प्रत्येक बंद बाजूला गाळ्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठी. बिजागरी १०० मिलिमीटर लांब आणि ३० रुंद बसणार असेल तर खाच १०४ बाय ३२. रुंदीत दोनच मिळवायचे, कारण दर्शनी बाजू उघडी असते. टेम्प्लेट १२ मिलिमीटर प्लायचे करावे आणि बुश त्याच्या जाडीपेक्षा खाली उतरत नाही ना ते पाहावे. यंत्र टेम्प्लेटवर ठेवून बिट लाकडाला टेकवा, तिथून बिजागरीच्या पात्याच्या जाडीइतकाच खाली आणा. पाते मापूनच घ्या, अंदाजाने नको. गाळा जास्त खोल गेला तर दार बिजागरीच्या बाजूला अडते आणि बंद केले तरी उसळून येते. मग पात्याखाली पुठ्ठा घालायची वेळ येते. कोपऱ्यांत बिटाची तीन मिलिमीटरची गोलाई राहते, ती पटाशीने चौकोनी करावी. कुलपाचा खोल गाळा मात्र ट्रिमरने काढायच्या फंदात पडू नये. त्याची दर्शनी पट्टी बुडवण्यापुरताच ट्रिमर.

जुन्या घरांच्या खिडक्यांबद्दल थोडे. वरच्या अर्धवर्तुळाकार कमानीची पट्टी ट्रिमरला ट्रॅमल (खिळ्याभोवती यंत्र वर्तुळात फिरवणारी पट्टी) जोडून सुरेख निघते. ९०० मिलिमीटरच्या कमानीला त्रिज्या ४५०, आणि हे माप खिळ्यापासून बिटाच्या मध्यापर्यंत नव्हे, तर कमानीकडच्या धारेपर्यंत घ्यायचे. शिंपल्यांच्या खिडक्यांची पट्टी बदलताना मात्र सुट्या बारीक पट्टीवर ट्रिमर चालवू नये. ती यंत्राखाली थरथरते आणि खाचेची भिंत फुटते. रुंद फळीच्या कडेला आधी खाच पाडावी, मग करवतीने पट्टी वेगळी करावी.

बॅटरीवरच्या ट्रिमरची हल्ली चलती आहे. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॉट-अवर मावतात. सरासरी ३०० वॉट ओढले तर अठरा मिनिटे. त्याच जातीच्या बॅटऱ्या आधीच घरात असतील तरच घ्यावा.

आपल्या हवेत यंत्र ठेवायचे कसे हेही खरेदीइतकेच महत्त्वाचे. किनारपट्टीवर कॉलेट आणि नट एका पावसाळ्यात गंजतात, आणि गंजलेला कॉलेट म्हणजे पुन्हा तीच सुटी पकड. जूनपूर्वी दोन्ही कोरड्या ब्रशने साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवावा. बिट लावायच्या आधी तेल पूर्ण पुसावे. चार महिने न वापरलेली मोटार पहिली दोन मिनिटे रिकामीच चालवावी. मोटारीचे कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) मर्यादेच्या रेघेपर्यंत झिजले की दोन्ही एकदम बदलावेत. भुसा नाकातोंडात जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाचा भुसा कर्करोगकारक ठरवला आहे, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. एन-९५ मास्क आणि चष्मा हवा. सैल हातमोजे मात्र घालू नयेत.

राज्यातल्या हत्यारांच्या दुकानदारांना दोन विनंत्या. बिटांच्या डब्यावर आणि ट्रिमरच्या खोक्यावर दांड्याचे माप ठळक मराठीत चिकटवावे, ‘सहा मिलिमीटर’ किंवा ‘पाव इंच’, आणि दोन्ही प्रकार एकाच खणात ठेवू नयेत. दुसरी, गल्ल्याजवळ एक चालू पॉइंट आणि प्लायचा तुकडा ठेवून गिऱ्हाइकाला यंत्र चालवून पाहू द्यावे. आणि गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी विचारावे की या यंत्राचा कॉलेट आणि कार्बन तुमच्याकडे सुटा मिळतो का. उत्तर ‘मागवून देऊ’ असे आले तर दोन्हींचा एकेक जादा संच त्याच बिलात घेऊन टाकावा.

आपला,
एक सुतारकाम करणारा वाचक, फोंडा